दुष्काळ आणि साथी : दात्यांच्या सभेतील भाषण



दुष्काळात माणसे केवळ उपासमारीने मरतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. विहिरी आटतात, शेकडो कुटुंबे खडीच्या कामावर एकत्र येतात, उरलेल्या एका पाणवठ्यावर सर्वांस तहान भागवावी लागते, आणि तेथेच पटकी शिरते. पुढे पाऊस पडतो. परंतु त्याबरोबर येणारा हिवताप खंगलेल्या शरीरांस सोसत नाही. इ. स. 1899-1900 च्या दुष्काळाचा आपल्या बुलढाणे जिल्ह्यास जबर तडाखा बसला. 1901 च्या खानेसुमारीत जिल्ह्याची लोकसंख्या 4,23,616 भरली. दहा वर्षांत ती शेकडा 12 ने घटली होती. 1918 साली पावसाने दगा दिला, आणि त्याच साली मानमोडीच्या तापाने मध्यप्रांत-वऱ्हाडात घरेच्या घरे ओस पाडली.

उपाय वेळीच हाताशी असल्यास काय घडते, तेही पाहावे. 1971 साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली व शिरेतून द्यावयाचे सलाईन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज घातलेले पाणी नातलगांच्याच हातून रोग्यांस पाजविले. शेकडा 30 च्या घरात गेलेले मृत्यूंचे प्रमाण शेकडा 4 च्याही खाली आले. उलटपक्षी, 2021 च्या उन्हाळ्यात कोरोनाच्या साथीत प्राणवायूसाठी लोकांस कशी वणवण करावी लागली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

हे काम सरकारचे नव्हे काय, असे कोणी विचारील. सरकारचे आहेच, परंतु पटकीचा रोगी काही तासांतच दगावतो, आणि तेवढ्या अवधीत गावात जे असेल तेच उपयोगी पडते. म्हणून विहिरींत टाकावयाची औषधी भुकटी, क्षारांच्या पुड्या, शुश्रूषेचे शिक्षण घेतलेली दोन माणसे आणि रोग्याच्या घरी पोचवावयाचे धान्य, एवढी तरतूद घाटावर व घाटाखाली गावोगाव आधीच असावी, अशी आमची योजना आहे.

खामगावच्या बाजारातील व्यापाऱ्यास तेजीत खरेदी करण्याचा तोटा आम्ही सांगावयास नको. कितीही ओढ लागली तरी शेतकरी बियाणे राखून ठेवतो. ही तरतूद तशीच समजावी. आपण यथाशक्ति द्रव्य, धान्य अथवा वाहन द्यावे. मिळालेल्या प्रत्येक पैचा हिशेब अहवालात छापून आपणांपुढे ठेवण्यास आम्ही बांधलेले आहोत.