एक मोबाइल, पाच हात
(स्वयंसेवकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मला विषय दिला आहे तो ब्राउझर कोणता निवडावा आणि कसा वापरावा हा. विषय कोरडा वाटेल. पण शिष्यवृत्तीचा अर्ज, जातीचा दाखला, परीक्षेचा निकाल, बँकेचे काम या सगळ्यांचे दार आता हेच आहे. ज्या ॲपमधून आपण वेबसाइट उघडतो तो ब्राउझर. पुष्कळ जण "गुगल उघडा" असे म्हणतात. गुगल ही शोध घेण्याची जागा झाली; क्रोम हा ब्राउझर.

फोनमध्ये बहुधा क्रोम आधीपासूनच असतो. तो चांगला चालतो, मराठीतही करून घेता येतो. एज आणि ब्रेव्ह हे दिसायला वेगळे, पण आतले यंत्र क्रोमच्याच जातीचे. फायरफॉक्सचे यंत्र निराळे आहे. तो मोझिला या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली बनतो आणि 2004 पासून लोकांच्या वापरात आहे. माझे स्वतःचे मत विचाराल तर अँड्रॉइड फोनवर फायरफॉक्स ठेवावा. कारण त्यात 'यूब्लॉक ओरिजिन' नावाची जोडणी बसवता येते. ती जाहिराती नुसत्या लपवत नाही, त्या मागवतच नाही; म्हणून डेटा वाचतो. फोनवरच्या क्रोममध्ये अशा जोडण्या बसत नाहीत. आणि एक सांगतो, यूसी ब्राउझरवर भारत सरकारने जून 2020 मध्ये बंदी घातली आहे. कोणी फाइल पाठवून तो बसवून देतो म्हणाले तरी नको.

पण निवडीपेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे. आपल्याकडे शहरात प्रत्येकाचा फोन वेगळा. पाड्यावर बऱ्याच घरांत फोन एक आणि वापरणारे पाच. बाप बँकेचे बघतो, मुलगी अर्ज भरते, पुतण्या व्हिडिओ पाहतो, शेजारचा कोणी "जरा दे रे" म्हणून घेऊन जातो. ब्राउझरला ही माणसे वेगळी दिसत नाहीत. त्याला दिसतो एकच फोन. मुलीने पासवर्ड टाकला की तो विचारतो, "जतन करू का?" घाईत बोट 'हो'वर पडते. त्यानंतर तो फोन ज्याच्या हाती असेल त्याच्यासाठी तिचे खाते उघडे. पासवर्ड पाहायला फोनचे कुलूप उघडावे लागते हे खरे, पण घरात ते कुलूप सगळ्यांनाच ठाऊक असते ना!

म्हणून दुसऱ्याच्या फोनवर किंवा सामायिक फोनवर अर्ज भरून देताना इन्कॉग्निटो टॅब उघडा. फायरफॉक्समध्ये त्याला खासगी टॅब म्हणतात. काम झाले की असे सगळे टॅब बंद करा. पाहिलेल्या पानांची नोंद आणि सुरू असलेले लॉगिन दोन्ही पुसले जातात. इथे दोन गैरसमज आहेत. असा टॅब वापरला म्हणजे आपण कोणालाच दिसत नाही, हे खोटे. वेबसाइटला आणि मोबाइल कंपनीला दिसतेच. दुसरे म्हणजे उतरवून घेतलेली फाइल पुसली जात नाही. दाखल्याची पीडीएफ डाउनलोडमध्ये तशीच राहते, आधार क्रमांकासकट. ती ज्याची त्याला पाठवा आणि मग हाताने काढून टाका.

आता पत्ता वाचण्याविषयी. गुगलवर 'शिष्यवृत्ती अर्ज' असे शोधले की वरच्या एक-दोन ओळी जाहिरातीच्या असू शकतात. तिथे बारीक अक्षरांत 'प्रायोजित' लिहिलेले असते. खाली जा. पान उघडल्यावर वरच्या पट्टीवर बोट ठेवा आणि पूर्ण पत्ता वाचा. पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचा भाग 'डॉट गव्ह डॉट इन'ने संपला पाहिजे. हे नाव सरकारी संस्थांनाच मिळते. 'गव्ह' हा शब्द मधेच कुठेतरी असून शेवट 'डॉट कॉम' असेल तर ते पान सरकारी नव्हे. कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका. वाटेत कोणी चोरून वाचत नाही, एवढेच ते सांगते. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे की नाही हे नाही. ठगाच्या पानालाही ते चिन्ह मिळते. खरा पत्ता एकदा सापडला की तो बुकमार्क करून ठेवा, म्हणजे पुन्हा शोधायला नको.

पान उघडताच "सूचना पाठवू का?" असे विचारले तर नाही म्हणा. फोनवर लॉटरी लागल्याचे जे निरोप येतात, त्यातले बरेच अशा एका 'हो'मुळे येतात.

जिथे रेंज टेकडीवरच मिळते तिथे क्रोमच्या तीन ठिपक्यांत खाली जाणारा बाण आहे. त्याने पान उतरवून ठेवा. कागदपत्रांची यादी घरी नेटशिवाय वाचता येते. ज्यांना वाचायला जड जाते त्यांच्यासाठी संगणकावरच्या एजमध्ये पान मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय आहे, मराठी आवाजातसुद्धा.

शेवटी, नवा फोन घेतल्यावर जुना गावातल्या मुलांसाठी देणाऱ्यांना एक विनंती. अँड्रॉइड 8 आणि 9 साठी क्रोमच्या नव्या आवृत्त्या 2025 पासून बंद झाल्या. नव्या आवृत्तीबरोबर सुरक्षेची दुरुस्तीही येते, म्हणून फोन देण्याआधी सेटिंगमध्ये आकडा पाहा. आणि आपले गुगल खाते काढून फोन पूर्ण कोरा करा. नुसते फोटो पुसून भागत नाही. खाते राहिले तर तुमचे जतन केलेले सारे पासवर्डही फोनबरोबर जातील, आणि उद्या तुम्ही नवा पासवर्ड जतन केलात तर तोही तिकडे पोहोचेल.

चहानंतर मी मागच्या बाकावर बसतो. ज्यांना आपल्या फोनमध्ये काय काय जतन झाले आहे ते पाहायचे असेल त्यांनी या. जुना फोन बरोबर आणला असेल तर तोही घेऊन या.