पिल्लाचा फोटो

अल्लीपुरात थंडीच्या दिवसांत कुणाच्या तरी पऱ्हाट्यांच्या ढिगाआड कुत्री व्यालेली असतेच. पिल्लांना घर मिळावे म्हणून फोटो काढायचा, तर उभ्याने वरून काढू नका. डोके तेवढे मोठे येते, पाय नाहीसे होतात. चक्क मातीत बसा. सकाळचे कोवळे ऊन धरा. काळ्या पिल्लामागे फिकट गोणपाट टांगा. नाहीतर डोळेच हरवतात. खरूज लपवू नका. ती घरी गेल्यावर कळली, की पिल्लू पुन्हा रस्त्यावर येते. मादी असेल तर तेही सांगा. पुढे तिची शस्त्रक्रिया करून घेता येते. आठ आठवड्यांआधी आईपासून तोडू मात्र नका. तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस. आणि नेणारा विचारील, "राखणीला चालेल का, जी?" खरे सांगा : सध्या ते स्वतःच्या शेपटीवरच भुंकते.