वकीलसाहेब, पावती द्या

(जमीन हक्क शिबिरात तरुण गटाने केलेले भाषण, फेब्रुवारी २००१. बरेचसे जसे बोललो तसेच ठेवले आहे.)



सकाळपासून सातबारा, फेरफार, जंगलखातं यावर बोलणं झालं. शेठ, सावकार, तलाठी यांच्याविरुद्ध बोलायला आता आपल्याला जड जात नाही. पण आम्हाला दिलेला विषय जरा अवघड आहे. आम्ही बोलणार आहोत आपल्याच बाजूने उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल. म्हणजे वकिलाबद्दल.

आधी आमची स्वतःची चूक सांगतो. शेजारच्या पाड्यातली एक विधवा बाय आहे. शेठने तिच्यावर दिवाणी कोर्टात दावा लावला. म्हणे जमीन माझ्या कब्जात आहे, हिला मनाईहुकूम द्या. समन्स आलं. आम्हीच तिला तालुक्याच्या एका वकिलाकडे घेऊन गेलो. तिने वकीलपत्रावर अंगठा दिला, दोन शेळ्या विकून पैसे दिले. पावती मिळाली नाही, आम्हीही मागितली नाही. पहिल्या दोन तारखांना ती गेली. मग वकिलाचा कारकून बोलला, "बाय, तू कशाला मजुरी बुडवतेस? साहेब आहेत ना. निरोप पाठवू." तिने आम्हाला विचारलं, काय करू? आम्ही बोललो, साहेब बघतील.

आवणी झाली, कापणी झाली. ती पोरांना घेऊन वीटभट्टीवर गेली. परत आली तं शेताला तार ओढलेली. कोर्टात जाऊन रोजनामा बघितला तेव्हा कळलं की निकाल एकतर्फी लागला होता. वकील लागोपाठ चार तारखांना हजरच नव्हता.

साथींनो, ती बाय अडाणी म्हणून हे झालं असं कोणी बोलू नका. आम्ही बारावी शिकलेली पोरं तिच्याबरोबर होतो. तारीख विचारायचं आम्हालाही सुचलं नाही. काळा कोट बघितला की आपली मान खाली जाते. हीच बाय आठवड्याच्या बाजारात मीठ घेताना माप दोनदा बघते, सुकट घेताना ओली तं नाही ना म्हणून हात घालून बघते. मग शेळ्या विकून वकील घेतला, त्याचं माप कोण बघणार? पैसे मोजून काम घेतलं म्हणजे आपण गिऱ्हाईक झालो. गिऱ्हाईकाला हिशेब मागायचा हक्क असतो. वकिलाच्या धंद्यालाही नियम आहेत, ते सरकारी पुस्तकात छापलेले आहेत. आम्ही गेला पावसाळाभर ते समजून घेतले. तेच चार भागांत सांगतो.

पहिला भाग. वकील कुठे लागतच नाही?

आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा १९७४ चा कायदा तुम्हाला माहीत आहे. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आपली जमीन बिगर-आदिवासीकडे गेली असेल तं ती परत मिळवायची वाट या कायद्यात आहे. या कायद्याचं कलम ९-अ नीट ऐका. या प्रकरणांत कलेक्टर, कमिशनर आणि महसूल न्यायाधिकरण यांच्यासमोर कुठल्याही बाजूने वकिलाला उभं राहता येत नाही. कुठल्याही बाजूने, म्हणजे शेठच्याही बाजूने. शेठ मुंबईहून मोठा वकील आणेल आणि आपण तोंड बघत राहू, असं होऊ नये म्हणूनच हे कलम आहे. अज्ञान मुलगा किंवा वेडसर माणूस असेल तं त्याचा पालक बोलू शकतो, एवढी सवलत ठेवली आहे.

जमिनी घेतलेले लोक या कायद्याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार विरुद्ध महाराष्ट्र राज्य, असं त्या खटल्याचं नाव. डिसेंबर १९८४ मध्ये निकाल लागला. कोर्टाने कायदा कायम ठेवला, वकिलांना बाहेर ठेवणारं कलमही कायम ठेवलं. आणि आदिवासींना कायद्याची मदत देणं सरकारचं काम आहे, हेही सांगितलं.

आता आपल्या तहसील कचेरीबाहेर काय चालतं? चहाच्या टपरीवर बसलेला माणूस बोलतो, "तुझी जमीन परत मिळवून देतो, वकिलाची फी आण." ज्या कामात वकील उभाच राहू शकत नाही, त्याची फी! एका डोकऱ्या बाबाने यासाठी दोन वर्षांचं भात विकलं. आम्ही त्याचे कागद बघितले तं साधा अर्जसुद्धा दिलेला नव्हता. जमीन परत घेताना समोरच्याला पैसे द्यावे लागतात हे खरं आहे. पण ते जमिनीच्या आकाराच्या ४८ पट, आणि त्याने जमिनीत काही सुधारणा केली असेल तं तिची किंमत. ही रक्कम कलेक्टर ठरवतो, ती हप्त्याने भरता येते. टपरीवरच्या माणसाचा तिच्याशी काही संबंध नाही. जमीन स्वतः कसणार असं लिहून द्यावं लागतं, ते देणं आपल्याला कठीण आहे का?

दुसरा भाग. वकील लागतो, पण फुकट मिळतो.

दिवाणी दावा असेल, फौजदारी केस असेल, जंगलखात्याने धरून नेलं असेल, तिथे वकील लागतो. त्यासाठी १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्याच्या कलम १२ मध्ये फुकट वकील कोणाला मिळेल याची यादी आहे. पहिलंच नाव अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातीच्या माणसाचं आहे. आपल्याला उत्पन्नाची अटसुद्धा नाही. बायांना वेगळा हक्क आहे, कोठडीत असलेल्याला वेगळा हक्क आहे. म्हणजे ती विधवा बाय आदिवासी म्हणूनही बसत होती आणि बाई म्हणूनही बसत होती. तिच्या शेळ्या विकायची गरजच नव्हती.

अर्ज कुठे करायचा? तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, तिथला सगळ्यात वरचा न्यायाधीश तिचा अध्यक्ष असतो. जिल्ह्याला जिल्हा न्यायाधीश असतात. कायद्यात कोर्ट या शब्दात न्याय देण्याचं काम करणारं दुसरं कार्यालयही येतं. म्हणून तहसीलच्या प्रकरणातही सल्ला मागता येतो. फुकट वकिलाची फी समिती देते. त्याने आपल्याकडे पैसे मागायचे नाहीत. मागितले तं ते त्याच न्यायाधीशाला लिहून कळवा.

काही जण बोलतात, फुकटचा वकील काय लढणार? हे आम्हीही ऐकलं आहे, आणि कधीकधी ते खरंही निघतं. म्हणूनच पुढचा भाग फुकटच्या वकिलालाही लागू आहे.

तिसरा भाग. वकिलावर कोणते नियम आहेत?

वकिलांसाठी १९६१ चा कायदा आहे आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम आहेत. त्यातले आपल्या कामाचे सांगतो.

वकिलाने केस मध्येच सोडायची असेल तं सबळ कारण पाहिजे, आधी पुरेशी नोटीस द्यायला पाहिजे, आणि जे काम केलं नाही त्याची फी परत द्यायला पाहिजे.

केस जिंकली तं इतकी फी, असा ठराव वकिलाला करता येत नाही. मिळणाऱ्या पैशात हिस्साही ठरवता येत नाही. "जमीन सुटली की दोन एकर माझी" असं कोणी बोलला तं ते नियमाबाहेरचं आहे. शिवाय आपली जमीन बिगर-आदिवासीच्या नावावर करायला कलेक्टरची परवानगी लागते, ते वेगळंच.

आपण दिलेल्या पैशाचा हिशेब वकिलाने ठेवायचा आणि मागितला की त्याची नक्कल द्यायची. एकदा आपल्या बाजूने काम केलं की त्याच केसमध्ये समोरच्याच्या बाजूने जायचं नाही.

आणि आपली फाईल आपली आहे. वकील बदलायचा असेल तं पहिला वकील बोलतो, "फी बाकी आहे, कागद देत नाही." गेल्या वर्षी, ऑगस्ट २००० मध्ये, सुप्रीम कोर्टाने आर. डी. सक्सेना यांच्या खटल्यात हे साफ सांगितलं. फी बाकी असली तरी वकिलाला अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. त्याला फीसाठी वेगळा दावा करता येईल. जुना फेरफार, खंडाची पावती, आजोबाच्या नावाचा उतारा, हे कागद म्हणजे आपली जमीनच आहे. ते कोणाच्या कपाटात अडकून राहता कामा नयेत.

चौथा भाग. नियम मोडला तं जायचं कुठे?

वकिलाविरुद्ध तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करायची. १९६१ च्या कायद्याचं कलम ३५. कौन्सिल ती तक्रार शिस्तपालन समितीकडे देते. दोष दिसला तं समिती समज देऊ शकते, काही काळ वकिली बंद करू शकते, किंवा यादीतून नाव काढू शकते. वर्षभरात निकाल दिला नाही तं प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं.

पण इथेच आमचं भांडण आहे. समितीत तीन माणसं, आणि तिन्ही वकील. दोन कौन्सिलचे, तिसरा बाहेरून घेतलेला, पण तोही वकीलच. शेठविरुद्धच्या तक्रारीचा निवाडा तीन शेठांनी करायचा, असं म्हटलं तं तुम्ही मान्य कराल का? ही समिती वकिलाला शिक्षा देऊ शकते, पण बायची शेळी परत देऊ शकत नाही. नुकसानीसाठी पुन्हा दिवाणी कोर्टात जा. वकिलाने हलगर्जी केली तं तो जबाबदार राहतो असं १९२६ च्या कायद्यात लिहिलेलं आहे. पण त्या दाव्यासाठी परत वकील पाहिजे!

१९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. पैसे घेऊन काम करणारे डॉक्टर त्यात येतात, असं सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये सांगितलं. वकिलांबद्दल सुप्रीम कोर्टाचा शेवटचा शब्द अजून आलेला नाही. आणि तो कायदा पैसे मोजणाऱ्याला धरतो. फुकट वकील घेणारा आदिवासी त्यात धरला जाईल का? आपला प्रश्न तिथेही उरतोच.

म्हणून आमच्या मागण्या. एक, शिस्तपालन समितीत वकील नसलेला माणूस पाहिजे. दोन, तक्रार तालुक्याच्या कोर्टात मराठीत घेतली पाहिजे. मुंबईचं एसटीचं भाडं म्हणजे आपली किती दिवसांची मजुरी होते ते तुम्हाला माहीत आहे. तीन, दोष ठरला तं अशिलाला भरपाई मिळाली पाहिजे. चार, फुकट वकिलांची यादी कोर्टाच्या फळ्यावर मराठीत लावली पाहिजे.

मागण्या मान्य होतील तेव्हा होतील. उद्यापासून आपण काय करायचं? प्रत्येक पाड्यात एक तारीखवही ठेवायची. तिच्यात केसचा नंबर, कोर्ट, पुढची तारीख, वकिलाचं नाव, दिलेले पैसे. वकीलपत्रावर सही किंवा अंगठा द्यायच्या आधी ते वाचून घ्यायचं. कोऱ्या कागदावर अंगठा कधीच नाही. मूळ कागद द्यायचे नाहीत, झेरॉक्स द्यायची. कोर्टात दाखवायला मूळ लागला तं दिल्याची पोच घ्यायची. पैसे दिले की पावती. आणि कारकून काहीही बोलला तरी तारखेला जायचं. आळीपाळीने पाड्यातलं एक माणूस बरोबर जाईल.

चांगले वकील आहेत. जेलमधून आपल्या माणसांना सोडवायला रात्री धावून आलेले आपण बघितले आहेत. चांगल्या वकिलाला पावती मागितल्याचा राग येत नाही. हा नियम संघटनेलाही लागू आहे. आम्ही केससाठी वर्गणी घेतली तं आमच्याकडेही पावती मागा.

आता त्या बायचं. तालुका समितीकडून तिला फुकट वकील मिळाला आहे. एकतर्फी निकाल रद्द करा, असा अर्ज दिला आहे. उशीर माफ करा, असाही अर्ज दिला आहे. वकिलाच्या चुकीची शिक्षा खेड्यातल्या अशिलाला देऊ नये, असं सुप्रीम कोर्टाने १९८१ मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल या खटल्यात सांगितलं आहे, ते अर्जात घातलं आहे. निकाल काय लागेल ते आम्ही आज सांगू शकत नाही. शेताला अजून तार आहे.

पुढची तारीख तिच्या वहीत लिहिलेली आहे. मागच्या तारखेला ती स्वतः गेली, आम्ही बरोबर होतो. पुकारा झाला तेव्हा तिने हात वर केला आणि बोलली, "हजर आहे." या तारखेला आणखी दोन पाड्यांतली माणसं आली तं बरं होईल. ज्यांना जमेल त्यांनी शिबिर संपल्यावर नाव द्या.

जोहार. जिंदाबाद.