निकदेम तीनदा दिसतो



पदवीदानाच्या आजच्या दिवशी मला एका शिकलेल्या माणसाविषयी बोलायचे आहे. येशू ख्रिस्ताला प्रत्यक्ष भेटलेली माणसे म्हटली की गालील सरोवरावरचे कोळी आठवतात, यरीहोचा जकातदार जक्कय आठवतो, मग्दालिया मरीया आठवते. 1616 साली गोव्यात छापलेल्या फादर स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’पासून ही मंडळी मराठीत नांदत आली आहेत. पदवीधरांच्या सभेत ज्याचे नाव निघायला हवे, तो निकदेम मात्र मागेच राहतो. तो परूशी होता, म्हणजे धर्मशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला. यरुशलेमच्या न्यायसभेत त्याला जागा होती आणि लोक त्याला गुरू मानत. चार शुभवर्तमानांपैकी एकट्या योहानाने त्याची नोंद ठेवली आहे, तीही तीनच ठिकाणी.

पहिल्यांदा तो रात्री येतो. रात्री आला म्हणून त्याला भित्रा ठरवणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. ज्याला सगळे गाव प्रश्न विचारते, त्याने स्वतःचा प्रश्न घेऊन गालीलच्या एका सुताराच्या दारी जावे, यालाच धैर्य लागते. येशू त्याला नव्याने जन्मण्याविषयी सांगतो. म्हातारा माणूस पुन्हा कसा जन्मेल, असे निकदेम विचारतो, आणि हे घडेल तरी कसे, असे आणखी एकदा विचारून गप्प होतो. त्याला पटले की नाही, तो घरी केव्हा गेला, योहान काहीच सांगत नाही. पुढच्याच अध्यायात सुखार गावाजवळच्या याकोबाच्या विहिरीवर भर दुपारी एक शोमरोनी स्त्री येशूशी बोलते, घागर तिथेच टाकून गावात धावते आणि गावचे गाव घेऊन परतते. निकदेमाला इतके लवकर जमले नाही. शिकलेल्या माणसाजवळ गमावण्यासारखे पुष्कळ असते, म्हणून त्याची पावले जड पडतात.

दुसरा प्रसंग मंडपांच्या सणातला. येशूला धरून आणायला पाठवलेले शिपाई रिकाम्या हातांनी परत आले आहेत, कारण त्याच्यासारखे बोलणारा माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता. अधिकारी भडकतात. शास्त्र न शिकलेली ही गर्दी शापित आहे, असे ते म्हणतात. विद्येचा असा माज आजही आपल्या आसपास ऐकू येतो, म्हणून हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. त्या सभेत निकदेम उठतो. येशू खरा आहे, असे तो म्हणत नाही. एवढेच विचारतो की माणसाचे म्हणणे ऐकून न घेता आणि त्याने काय केले हे न तपासता आपले नियमशास्त्र त्याला दोषी ठरवते का? प्रश्न कायद्याचा होता आणि बिनतोड होता. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथात न्यायाधीशांना पहिली ताकीदच आहे की लहानमोठ्यांचे सारखे ऐकून घ्या. आज कायद्याची पदवी घेणाऱ्यांना हे तत्त्व ओळखीचे वाटेल. आपल्या न्यायालयांतही दुसऱ्या बाजूला म्हणणे मांडण्याची संधी न देता दिलेला निर्णय सहसा टिकत नाही.

त्याला उत्तर मिळाले ते टोमण्याचे. तूही गालीलचाच का, असे त्यांनी विचारले, आणि वर सांगितले की शोधून पाहा, गालीलातून संदेष्टा निघत नाही. आता हे शास्त्रपारंगत लोक. पण संदेष्टा योना गथ-हेफेरचा, आणि ते गाव गालीलातले. राजांच्या दुसऱ्या ग्रंथात त्याची नोंद आहे. रागाच्या भरात विद्वान आपलाच ग्रंथ विसरले. निकदेमाने ही चूक दाखवली का, हे योहान सांगत नाही. त्या दिवशी तो एकच वाक्य बोलला, पण सभेत बोलला, आणि सगळ्यांच्या देखत अपमान सोसला.

यरुशलेमातच पुढे रोमी सुभेदार पिलातही येशूला भेटला. कैसरियात 1961 साली सापडलेल्या शिलालेखात त्याचे नाव आजही वाचता येते. सत्य म्हणजे काय, असे पिलातानेही विचारले. पण विचारून तो बाहेर निघून गेला. येशूत आपल्याला काही दोष दिसत नाही, हे त्याने जाहीरपणे सांगितले आणि तरीही त्याला क्रुसावर द्यायला सोपवले. माहिती त्याच्याकडे पुरेशी होती.

निकदेम तिसऱ्यांदा दिसतो तो त्या क्रुसाजवळ. बहुतेक शिष्य पांगले आहेत. अरिमथाईकर योसेफाने पिलाताकडून येशूचा देह मागून घेतला आहे, आणि निकदेम गंधरस व अगरू यांचे सुमारे शंभर रत्तल मिश्रण घेऊन आला आहे. रोमी मापाने ते बत्तीस-तेहतीस किलो भरते. एवढे ओझे लपवून आणता येत नाही. शिवाय तो वल्हांडणाच्या तयारीचा दिवस होता. प्रेताला हात लावणारा सात दिवस अशुद्ध, असे शास्त्र सांगत होते. म्हणजे ज्या सणासाठी सगळे शहर स्वतःला जपत होते, तो सण या काटेकोर परूश्याने सोडून दिला. योहानाच्या क्रमाने पाहिले तर पहिल्या रात्रीपासून इथवर यायला त्याला सुमारे दोन वर्षे लागली. मी ही दोन वर्षे वाया गेलेली मानत नाही.

मित्रहो, तुमच्यातले अनेक जण उद्या निवड समितीत, चौकशी समितीत, विद्यापीठाच्या अधिकार मंडळात, सोसायटीच्या बैठकीत बसाल. तिथे एखाद्या गैरहजर माणसाविषयी ठराव तयार असेल आणि सह्यांसाठी कागद फिरत असेल. तो तुमच्यापर्यंत आला की त्या माणसाला बोलावले होते का, एवढे विचारा. टोमणा मिळाला तर मिळू द्या. तुमचा प्रश्न मात्र इतिवृत्तात नोंदवून घ्या.