हंबनटोटाचे कर्जखाते
(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय दिला आहे 'चीनचा वाढता प्रभाव आणि शेजारी देश'. आम्ही बँकेतली कारकून मंडळी. परराष्ट्र धोरणात आमचा अधिकार नाही, आणि लष्करी बाजूवर बोलायला आपल्याकडे निवृत्त फौजी सभासद आहेत, ते बोलतील. पण हा विषय निम्म्याहून अधिक कर्जाचा आहे आणि कर्जाचे कागद वाचण्यात आमची वीसेक वर्षे गेली आहेत. तेव्हा आम्ही त्याच बाजूने तो मांडणार आहोत. आकडे थोडे जास्त येतील, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

आपणा सर्वांना एक गोष्ट तोंडपाठ झालेली आहे. चीनने श्रीलंकेला न फेडता येणारे कर्ज दिले, कर्ज थकले आणि चीनने बंदर ताब्यात घेतले. सावकाराने शेत घशात घातले, तशी ही गोष्ट. ऐकायला सोपी, सांगायला त्याहून सोपी, म्हणून ती व्हॉट्सॲपवर चालते आणि संसदेतही चालते. पण बँकेत आम्हाला पहिला धडा असा मिळतो की खाते का बुडाले हे खातेदाराच्या तोंडून किंवा शेजाऱ्याच्या तोंडून ऐकू नये, कागद मागवावेत. हंबनटोटाचे कागद पाहिले तर गोष्ट बरीच निराळी निघते.

हंबनटोटा हा श्रीलंकेच्या दक्षिण टोकाचा जिल्हा. महिंदा राजपक्षे यांचा हा घरचा मतदारसंघ. तिथे बंदर व्हावे ही कल्पना चीनची नव्हे, ती श्रीलंकेत चीनच्या आधीपासून होती. तिचे अहवाल आधी कॅनडाच्या आणि नंतर डेन्मार्कच्या सल्लागार कंपनीने केले होते. राजपक्षे २००५ साली राष्ट्राध्यक्ष झाले आणि कल्पनेला वेग आला. त्यावेळी देशात यादवी युद्ध चालू होते. पाश्चात्त्य देश मानवी हक्कांच्या प्रश्नावर दूर सरकले होते. हे बंदर आधी भारताला देऊ केले होते, असे राजपक्षे यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. आपण ते घेतले नाही. धंदा म्हणून पाहिले तर नकार चुकीचा नव्हता, कारण त्या बंदरात जहाजे येतील याची खात्री कोणालाच नव्हती.

२००७ साली चीनच्या एक्झिम बँकेने पहिल्या टप्प्यासाठी ३० कोटी ७० लाख डॉलरचे कर्ज दिले. मुदत पंधरा वर्षे, त्यातली पहिली चार वर्षे मुद्दल भरायचे नाही. व्याज बाजारभावाप्रमाणे बदलते किंवा ६.३ टक्के कायम, असे दोन पर्याय होते. दर वाढत जातील असा अंदाज बांधून श्रीलंकेने कायम दर घेतला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या बँका कोसळल्या आणि जगभरचे व्याजदर खाली आले. घरकर्जात फिक्स्ड की फ्लोटिंग या प्रश्नावर हात पोळलेले आपल्यात पुष्कळ असतील, त्यांना हे दुःख कळेल. मात्र त्याच २००७ सालात श्रीलंकेने पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय बाजारात रोखे विकून ५० कोटी डॉलर उभे केले. त्यावर व्याज होते ८.२५ टक्के. म्हणजे ज्याला आपण सावकार म्हणतो त्याचा दर बाजारापेक्षा कमी होता. दुसऱ्या टप्प्याचे ७५ कोटी ७० लाख डॉलरचे कर्ज तर दोन टक्क्यांनी मिळाले.

२०१० च्या नोव्हेंबरात बंदराचे उद्घाटन झाले, तेव्हा बंदराच्या तोंडाशी मोठा खडक होता! तो नंतर सुरुंग लावून फोडावा लागला. २०१२ साली तिथे जेमतेम ३४ जहाजे लागली. मग सरकारने मोटारी वाहून नेणारी जहाजे कोलंबोऐवजी हंबनटोटाला न्या असा हुकूम काढला. (त्या जहाजांत भारतात बनलेल्या मोटारीही असत.) जवळच मट्टला येथे विमानतळ बांधला, तिथे विमाने येईनात. कर्जमंजुरीच्या टेबलावर प्रकल्प अहवालातल्या उत्पन्नाच्या आकड्याकडे न पाहता अर्जदार कोण आहे ते पाहून सही झाली की असे होते. हे परदेशातच होते असे नाही.

आता २०१७. सरकार बदललेले. नव्या सरकारने बंदरातला साधारण ७० टक्के हिस्सा चायना मर्चंट्स पोर्ट या कंपनीला ९९ वर्षांच्या कराराने दिला आणि १.१२ अब्ज डॉलर घेतले. सगळा गैरसमज इथे होतो. हे पैसे बंदराच्या कर्जात जमा झाले नाहीत. ते देशाच्या परकीय चलनाच्या गंगाजळीत गेले, कारण गंगाजळी आटत होती आणि इतर देणी दारात उभी होती. बंदराचे कर्ज सरकारच्या डोक्यावर तसेच राहिले. म्हणजे शेत ९९ वर्षे खंडाने दिले आणि सातबाऱ्यावरचा बोजा होता तसाच. याला जप्ती म्हणत नाहीत. अडचणीतल्या माणसाने रोख रकमेसाठी केलेला हा व्यवहार होता, आणि समोरच्याने त्या अडचणीचा पुरेपूर फायदा घेतला.

मग १२ एप्रिल २०२२ रोजी श्रीलंकेने परदेशी कर्जाची फेड थांबवली ती कशामुळे? त्यावेळी बाहेरच्या कर्जात चीनचा वाटा साधारण पाचव्या हिश्शाचा होता. एक तृतीयांशाहून अधिक कर्ज होते त्या रोख्यांचे, जे न्यूयॉर्क-लंडनच्या गुंतवणूकदारांनी घेतले होते. रोख्याचे मुद्दल हप्त्याहप्त्याने फिटत नाही, मुदत भरली की एकरकमी द्यावे लागते. ते द्यायला नवे रोखे विकायचे, असे चालले होते. त्यात २०१९ च्या ईस्टरला बॉम्बस्फोट झाले, पर्यटक गेले. वर्षअखेरीस गोटाबाया राजपक्षे यांच्या सरकारने मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला. मग करोना आला. २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी घालून शेतीही बसवली. अशा खात्याला कोणतीही बँक नवे कर्ज देत नाही, बाजारानेही दिले नाही.

आम्ही चीनची वकिली करतो आहोत असे कोणी समजू नये. २०१४ साली चिनी पाणबुडी कोलंबोला येऊन लागली, तेव्हा हंबनटोटा अजून श्रीलंकेच्याच हाती होते. ऑगस्ट २०२२ मध्ये, देश दिवाळखोर असताना, युआन वांग ५ हे उपग्रह-क्षेपणास्त्रांचा माग काढणारे जहाज भारताच्या हरकतीनंतरही हंबनटोटाला आले. कोलंबोने आधी 'लांबणीवर टाका' म्हटले आणि मग परवानगी दिली. ज्याचे देणे असते त्याला दारातून परत पाठवणे जड जाते. कर्जाने चीनला बंदराची मालकी आयती मिळाली नसेल, पण शब्दाला वजन मिळाले, आणि आमच्या मते ते बंदरापेक्षा मोठे आहे.

तर आता इतर शेजाऱ्यांकडे वळू, कारण एका खात्यावरून शाखेचा अंदाज करू नये.

मलेशियात मे २०१८ मध्ये महाथीर मोहमद वयाच्या ९२ व्या वर्षी पुन्हा पंतप्रधान झाले. त्यांनी पूर्व किनाऱ्याचा चिनी रेल्वे प्रकल्प थांबवला आणि वाटाघाटीला बसले. एप्रिल २०१९ मध्ये ६५.५ अब्ज रिंगिटचा खर्च ४४ अब्जांवर आला. कंत्राटदार चिनीच राहिला, फक्त किंमत एक तृतीयांशाने उतरली. बांगलादेशाने सोनादियाचे बंदर चीनकडून करून घ्यायचा बेत सोडला आणि जवळच मातारबारीला जपानच्या स्वस्त कर्जावर बंदर धरले. त्याच वेळी पद्मा पुलाच्या रेल्वेसाठी मात्र चीनचेच कर्ज घेतले. यात कोणाला दुटप्पीपणा दिसेल. आम्हाला यात दोन बँकांचे दर विचारून मग अर्ज भरणारा शहाणा गिऱ्हाईक दिसतो.

सर्वांत बोलके उदाहरण म्यानमारचे. क्याउकफ्यू या बंदराचा चिनी प्रस्ताव सुमारे ७.३ अब्ज डॉलरचा होता. आंग सान स्यू की यांच्या सरकारने तो पुन्हा तपासायला काढला. अमेरिकेने कागद वाचायला मदत म्हणून अर्थतज्ज्ञ आणि वकील पाठवले. नोव्हेंबर २०१८ मध्ये करार झाला तो पहिल्या टप्प्याच्या १.३ अब्जांचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, पाश्चात्त्यांनी निर्बंध घातले, दुसरे दार बंद झाले. डिसेंबर २०२३ मध्ये त्याच लष्करी राजवटीने त्याच बंदराच्या पुरवणी करारावर सही केली. देश तोच, बंदर तेच, चीनही तोच. फरक इतकाच की २०१८ साली म्यानमारला विचारायला दुसरे कोणी होते.

२००७ सालच्या श्रीलंकेला ते नव्हते. हंबनटोटाच्या कागदांतून आम्ही काय वाचले असे विचाराल तर एवढेच वाचले. चीनच्या समोर बसलेल्या देशाच्या खिशात दुसऱ्याचे मंजुरीपत्र असेल तर भाव उतरतो, नसेल तर उतरत नाही. हे दुसरे मंजुरीपत्र देण्याच्या जागी कोण बसणार, हा आपल्या देशापुढचा खरा प्रश्न आहे. त्यात आपले प्रगतिपुस्तक संमिश्र आहे.

नेपाळचेच पाहा. सप्टेंबर २०१५ पासून पाच महिने सीमेवर मालमोटारी अडल्या. गॅस, पेट्रोल, औषधे यांवाचून भूकंपग्रस्त नेपाळी माणूस हिवाळ्यात हाल सोसत होता. आपले सरकार म्हणाले नाकेबंदी आमची नाही, मधेशी आंदोलकांची आहे. नेपाळी जनतेने ते मानले नाही. मार्च २०१६ मध्ये पंतप्रधान ओली बीजिंगला जाऊन पारगमन करार करून आले. तियानजिनसारखी चिनी बंदरे नेपाळपासून हजारो किलोमीटर दूर, मधे हिमालय. व्यापाराच्या दृष्टीने तो करार जवळपास कागदीच. पण दुसरे दार असल्याचे दाखवण्याची गरज त्यांना आपण निर्माण केली. पुढे पोखऱ्याला चिनी कर्जाने विमानतळ झाला, १ जानेवारी २०२३ ला उद्घाटन झाले, आणि नंतर दोन वर्षे तरी तिथे नियमित आंतरराष्ट्रीय विमान नव्हते. मट्टलाची आठवण येते.

उलट २०२२ साली श्रीलंकेत आपण शोभेल असे वागलो. डिझेल, औषधे, अन्नधान्य, चलनाची अदलाबदल मिळून सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत गेली. जानेवारी २०२३ मध्ये नाणेनिधीला 'आम्ही आमच्या कर्जाची पुनर्रचना करू' असे पत्र सर्वांत आधी भारताने दिले. वसुलीच्या कामात ज्यांनी दिवस काढले त्यांना ठाऊक आहे की अनेक देणेकऱ्यांत पहिला माणूस तयार झाला की बाकीचे हलतात. चीन नंतर आला. जानेवारी २०२४ पासून श्रीलंकेने परदेशी संशोधन जहाजांना एक वर्ष बंदी केली, तीही याच काळातली. मालदीवचे मोहमद मुइझ्झू 'इंडिया आउट'च्या घोषणेवर २०२३ साली निवडून आले, मे २०२४ पर्यंत आपले सैनिक परत पाठवले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीला येऊन ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांच्या चलन-अदलाबदलीवर सही करून गेले. आपल्याकडे काहींना यात विजय दिसला. आम्हाला एक अडलेला खातेदार दिसला, ज्याला आपण वेळेवर दारात उभे केले, एवढेच पुरेसे आहे.

जाता जाता आपल्याही पासबुकात डोकवावे. गलवानमध्ये २०२० साली आपले वीस जवान गेले. त्यानंतरही, २०२४-२५ मध्ये, आपण चीनकडून सुमारे ११३ अब्ज डॉलरचा माल घेतला आणि त्यांना विकला सुमारे १४ अब्जांचा. औषधांचा कच्चा माल, मोबाइलचे सुटे भाग, सौर पट्ट्या, यंत्रे. चीनच्या पुढाकाराने निघालेल्या आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेत भारत दुसऱ्या क्रमांकाचा भागधारक आहे आणि मोठ्या कर्जदारांपैकीही एक आहे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही, अटी वाचून घेतलेले कर्ज ते कर्जच. पण मग काठमांडूने किंवा ढाक्याने तेच केले की त्यांना गद्दार म्हणणे आपल्याला शोभत नाही.

कोलंबोचा आणखी एक मुद्दा आहे, आपल्या पश्चिम किनाऱ्याशी निगडित. कोलंबोत एका जहाजातून दुसऱ्या जहाजात चढणारा बहुतांश माल भारताचा असतो, कारण फार मोठ्या जहाजांना लागणारी खोली आपल्या बंदरांत कमी होती. केरळचे विळिंजम मे २०२५ मध्ये रीतसर सुरू झाले. पालघरच्या वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये ७६,२२० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. तिथल्या मच्छीमारांचा विरोध आहे, आणि त्यांचे म्हणणे ऐकून न घेता खडक-माती ओतायला लागलो तर हंबनटोटाला हसण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही.

शेवटी २०२४-२५ ची स्थिती सांगून थांबतो. श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष अनुरा कुमार दिसानायके डिसेंबर २०२४ मध्ये प्रथम दिल्लीला आले. जानेवारी २०२५ मध्ये बीजिंगला गेले आणि हंबनटोटाला सिनोपेक कंपनीच्या ३.७ अब्ज डॉलरच्या तेलशुद्धीकरण कारखान्याचा करार घेऊन परतले. एप्रिल २०२५ मध्ये त्यांच्याच सरकारने त्रिंकोमालीला ऊर्जाकेंद्र उभारण्यासाठी भारत आणि संयुक्त अरब अमिराती यांच्याबरोबर सामंजस्य करार केला. दुसऱ्या महायुद्धातल्या तेलटाक्या तिथे आहेत, आणि त्यांची संख्याही नेमकी ९९ आहे! दक्षिणेला चीन, ईशान्येला आपण, मधे कर्जफेडीच्या वेळापत्रकाला बांधलेला श्रीलंका. सिनोपेकचा करार गुंतवणुकीच्या आकड्यासकट जाहीर झाला आणि आपला झाला तो सामंजस्याचा. आमच्या भाषेत सांगायचे तर तेव्हा त्यांची रक्कम जाहीर झाली होती आणि आपला अर्ज टेबलावर होता.

वेळ झाली. प्रश्न असतील तर चहाच्या वेळी अवश्य विचारावेत.