गुरुद्वाऱ्याच्या सावलीतला मोहल्ला

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

नांदेडच्या शीख मोहल्ल्यांविषयी बोलायचे म्हणजे आधी एक समजूत बाजूला सारावी लागते. पुण्या-मुंबईकडचा माणूस नांदेडला येतो, रस्त्यावर पगडीधारी माणसे बघतो आणि विचारतो, "ही मंडळी फाळणीनंतर आली का हो?" फाळणीनंतर आलेली काही घरे आहेत, नाही असे नाही. पण शहीदपुरा, बडपुरा, चिखलवाडी या भागांतली कितीतरी शीख घराणी नांदेडला पाच-सहा पिढ्यांपासून आहेत. आपल्यातल्या अनेकांचे आजोबा-पणजोबा खेड्यातून नांदेडला यायच्या आधी ही माणसे इथे होती. मग परके कोण आणि गाववाले कोण, हा प्रश्न नांदेडात जरा जपूनच विचारलेला बरा.

सुरुवात १७०८ सालची. औरंगजेबाच्या मागे गादीवर आलेला बहादूरशाह आपल्या भावाच्या, कामबक्षाच्या बंदोबस्तासाठी दक्षिणेत निघाला होता. त्याच सुमारास गुरू गोविंदसिंहजी गोदाकाठी आले. इथेच त्यांना माधोदास बैरागी भेटला आणि पुढे बंदासिंह बहादूर या नावाने पंजाबकडे गेला. इथेच गुरूंवर हल्ला झाला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी देह ठेवला. जाण्यापूर्वी, यापुढे देहधारी गुरू नाही, ग्रंथसाहिब हाच गुरू, असे त्यांनी सांगितले. शीख धर्माच्या इतिहासातली ही फार मोठी घटना गोदावरीच्या काठी घडली, हे आपण नांदेडकर पाहुण्यांना अभिमानाने सांगतो.

गुरूंबरोबर आलेले बरेचसे लोक परतले. थोडे राहिले. लंगर चालू ठेवण्यासाठी भाई संतोखसिंह मागे राहिले, असे परंपरा सांगते. म्हणजे या वसाहतीचा पाया एका चुलीवर घातला गेला. पण मोहल्ला भरला तो पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी. महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात आजचा गुरुद्वारा बांधवला. हैदराबादचा कारभार तेव्हा महाराजा चंदूलाल यांच्या हातात होता. त्याच काळात लाहोरकडच्या शीख सैनिकांच्या तुकड्या निजामाच्या चाकरीत आल्या. 'लाहोरी फौज' असे त्यांना म्हणत. कुणी हैदराबादेत स्थिरावले, कुणी नांदेडला, कुणी तालुक्याच्या गावी. पंजाब हजार मैल लांब, रेल्वे नाही. सोयरिकी नांदेड, हैदराबाद, औरंगाबाद अशा जवळच्या टापूतच होऊ लागल्या. दोन-तीन पिढ्यांत एक वेगळाच समाज घडला. त्यांना 'दखनी शीख' म्हणतात, कोणी 'हजुरी' म्हणतात.

हा दखनी शीख म्हणजे काय, हे मी लहानपणापासून बघत आलो. घरात पंजाबी, पण तिच्यात दखनी हिंदी मिसळलेली. 'नको'ला 'नक्को' आणि 'हो'ला 'हौ'. गल्लीत मराठी, तीही आपली मराठवाडी. ताटात ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. माझ्या वर्गात असे चार-पाच जण होते. त्यांच्या घरी माळवदाच्या खोल्या, पुढे ओसरी, भिंतीवर खुंटीला तलवार आणि कोपऱ्यात कडब्याची पेंढी. मित्राची आजी आम्हाला हाक मारायची ती "अरे पोरांनो" अशीच.

गुरुद्वाऱ्यातले रिवाजही असेच दक्षिणेच्या मातीत वाढलेले. रोज पहाटे गोदावरीचे पाणी घागरीतून आणायचे आणि त्या पाण्याने तख्तसाहिबाची सेवा व्हायची. ही सेवा करणाऱ्याला 'गागरिया सिंघ' म्हणतात. संध्याकाळी दिव्यांची आरती होते, चंदनाचा टिळा असतो. दिवाळीच्या आधी तख्तस्नान, त्यात जुनी शस्त्रे बाहेर काढून धुतली जातात. दसऱ्याला आणि होळीला हल्लाबोलची मिरवणूक, पुढे निशाण आणि गुरूंचे घोडे. ग्रंथसाहिबाबरोबर दशम ग्रंथाचाही प्रकाश होतो. अमृतसरहून पहिल्यांदा येणारा भाविक यातले बरेच काही बघून चकित होतो. आमच्याकडे असे नसते, असेही म्हणतो. इथला सेवेकरी शांतपणे उत्तर देतो की आमच्याकडे हे पहिल्यापासून आहे. हे 'पहिल्यापासून' मला फार महत्त्वाचे वाटते. मूळ मुलुखापासून लांब राहिलेली वसाहत कधी कधी जुन्या चालीरीती मूळ मुलुखापेक्षा जास्त जपते.

हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात आले. निजामाची फौज गेली आणि शिपाईगिरीवर जगणाऱ्या घरांची रोजी गेली. ही गोष्ट आपल्या मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात कुठे फारशी येत नाही. जमीन थोड्यांकडेच होती. बाकीच्यांनी हाताला मिळेल ते काम धरले. ट्रक चालवला, गॅरेज काढले, लोखंडाच्या भट्ट्या लावल्या. शिकलगार मंडळी कृपाणे घडवत, विळ्या-सुऱ्यांना धार लावत फिरत. मराठवाड्यातल्या किती गावांना मोटारीचा पहिला मिस्त्री 'सरदारजी' म्हणूनच माहीत झाला. पुढे १९५६ साली गुरुद्वाऱ्याच्या कारभारासाठी हैदराबाद राज्याने कायदा केला. त्याच वर्षी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि कायदाही आपल्याबरोबर आला.

इथपर्यंतचा बदल सावकाश झाला. खरी गती आली ती रेल्वेमुळे. मीटरगेजच्या दिवसांत पंजाबातून नांदेडला येणे म्हणजे मनमाडला गाडी बदलणे आणि पुढचा कंटाळवाणा प्रवास. १९९०च्या दशकात ब्रॉडगेज झाली आणि सचखंड एक्स्प्रेस थेट अमृतसरपर्यंत धावू लागली. या गाडीला वाटेत काही स्थानकांवर सेवेकरी लंगरचे जेवण देतात. डबा घेऊन दारात उभे राहायचे, वरण-भाजी मिळते, पैसे कोणी मागत नाही. तिकीट कुठल्या वर्गाचे हेही कोणी विचारत नाही. आता यात्रा करणे म्हातारपणाचे व्रत राहिले नाही. पोरेबाळे घेऊन कुटुंबे येऊ लागली.

आणि मग २००८. गुरू-ता-गद्दीला तीनशे वर्षे झाली. केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेत मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक यांच्या पंगतीत नांदेडचे नाव आले. कधी नव्हे एवढा पैसा आला. रस्ते रुंद झाले, पूल झाले, घाट बांधले गेले, विमानतळ सुधारला. मी त्या पैशाला नावे ठेवणार नाही. पावसाळ्यात चिखल तुडवत शाळेत गेलेल्या माणसाने सिमेंटच्या रस्त्याची चेष्टा करू नये. पण गुरुद्वाऱ्याच्या भोवतीची घरे त्यात गेली, हेही खरे आहे. शिखांची गेली, हिंदूंची गेली, मुसलमानांची गेली. मावेजा मिळाला, कुणाला दुसरीकडे घर मिळाले. कागदोपत्री पाहिले तर व्यवहार पूर्ण झाला. मात्र ओसरीला ओसरी लागून बसलेली माणसे शहराच्या चार दिशांना गेली. नव्या वसाहतीत दार बंद करून राहायची सवय त्यांना लागली. पूर्वी भल्या पहाटे नगाऱ्याच्या आवाजाने जाग यायची, आता मोबाइलचा गजर लावावा लागतो, असे एक गृहस्थ मला म्हणाले. त्यांनी ते तक्रार म्हणून सांगितले नव्हते.

रिकाम्या झालेल्या जागेत आज काय आहे? संगमरवरी फरशी, मोठे आवार, रात्रीची रोषणाई. डोळ्यांचे पारणे फिटते. त्यापलीकडे यात्री निवास, लॉज, कडी आणि कृपाणे विकणारी दुकाने, पंजाबी धाबे. अमृतसरी कुलचा मिळतो, लस्सीचे मोठे पेले मिळतात. दुकानाच्या पाट्या गुरुमुखीत आहेत. गंमत अशी, की मोहल्ला आता पूर्वीपेक्षा जास्त पंजाबी दिसतो, आणि तिथे राहणारी दखनी घरे मात्र पूर्वीपेक्षा कमी आहेत.

न्यूयॉर्क शहरात 'लिटल इटली' नावाचा भाग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेपल्स आणि सिसिलीकडचे गरीब लोक तिथल्या मलबेरी स्ट्रीटच्या आसपास दाटीवाटीने राहिले. महायुद्धानंतर त्यांची मुले शिकली, उपनगरांत गेली. शेजारच्या चिनी वस्तीने हळूहळू जागा व्यापली. आज तिथे इटालियन उपाहारगृहे आहेत, सप्टेंबरात सान जेनारो संताचा उत्सव दणक्यात होतो, पण इटलीत जन्मलेला माणूस तिथे शोधावा लागतो. राहणारे गेले आणि पाट्या उरल्या. नांदेडचे तसे झालेले नाही. इथले तख्त शिखांच्या पाच तख्तांपैकी एक आहे, ते हलणारे नाही. त्यामुळे इथे माणसांचा ओघ वाढतो आहे. फक्त येणारा माणूस तीन दिवसांचा आहे. मुक्काम करणारा आणि राहणारा यांत फरक असतो. मुक्काम करणाऱ्याला दर्शन, जेवण, खोली आणि परतीचे तिकीट लागते. राहणाऱ्याला नळाचे पाणी लागते, शाळा लागते आणि भांडायला शेजारी लागतो.

२०२० साली टाळेबंदी झाली तेव्हा हा फरक अचानक पुसला गेला. पंजाबचे हजारो यात्रेकरू नांदेडला अडकून पडले. महिनाभराहून अधिक काळ लंगरने त्यांना सांभाळले. मग बसगाड्या आल्या आणि ते गेले. तिकडे पोचल्यावर त्यांच्यातल्या अनेकांना लागण झाल्याचे निघाले. लगेच नांदेडचे नाव सगळ्या देशाच्या वाहिन्यांवर गाजले. महिनाभर कोणी जेवू घातले, हे त्या गडबडीत मागे पडले.

कारभाराचा प्रश्न त्याहून नाजूक. गुरुद्वारा मंडळावर स्थानिकांचे किती चालावे, पंजाबच्या संस्थांचे किती आणि सरकारचे किती, हा वाद जुना आहे. २०२४च्या फेब्रुवारीत राज्य मंत्रिमंडळाने नव्या कायद्याच्या मसुद्याला मंजुरी दिली. त्यात सरकारनियुक्त सदस्यांची संख्या वाढणार होती. नांदेडात मोर्चा निघाला, पंजाबातून विरोध झाला आणि सरकारला थांबावे लागले. माझे मत विचाराल तर इथे पिढ्यान्‌पिढ्या पाणी वाहिलेल्या घरांचा शब्द मंडळात वजनदार असला पाहिजे. मुंबईहून नेमलेला माणूस कितीही सज्जन असला तरी गागरिया सिंघ कोणत्या रस्त्याने जातो हे त्याला कागदावरूनच कळणार. आणि पाण्याचा विषय निघालाच आहे तर, ज्या गोदावरीतून घागर भरायची तिच्यात शहराचे नाले सोडणे आधी बंद झाले पाहिजे. घाट देखणे झाले, पाणी तसेच राहिले.

आपल्या शेजारी लातूरला आणि अलीकडे नांदेडलाही दुसऱ्या एका प्रकारची स्थलांतरे होताहेत. वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवण्यांसाठी पोरे येतात. त्यांच्यासाठी आख्ख्या गल्ल्या वसतिगृहांच्या झाल्या आहेत. दोन वर्षांनी पोरे जातात, नवी येतात. त्या गल्ल्यांना अजून स्वतःची बोली नाही, सण नाही. मोहल्ला व्हायला वेळ लागतो, आणि कोणीतरी परत न जाण्याचे ठरवावे लागते.

दखनी शिखांच्या तरुण पिढीपुढे आज वेगळाच पेच आहे. पंजाबचे यात्रेकरू त्यांना विचारतात, "तुम्ही शीख, मग पंजाबी अशी कशी बोलता?" आणि मुंबईत नोकरीला गेल्यावर सहकारी विचारतात, "तुम्ही पंजाबी, मग मराठी एवढी चांगली कशी?" एका मुलीने मला हसत सांगितले, की दोन्हीकडे तिला आपली ओळख पटवून द्यावी लागते. ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत. नामदेवांचे नरसी नांदेडहून फार लांब नाही. नामदेव इकडून पंजाबात गेले, तिकडे घुमानला राहिले, आणि २०१५ साली आपले ८८वे साहित्य संमेलन त्याच घुमानला भरले. मराठी माणसे मोठ्या हौसेने तिकडे गेली. ती हौस शहीदपुऱ्यापर्यंतही यावी. तिथे बोलली जाणारी पंजाबी-दखनी-मराठीची सरमिसळ आपल्या विद्यापीठातल्या कुणी ध्वनिमुद्रित करून ठेवायला हवी. ही बोली जाणणारी म्हातारी माणसे आता मोजकी आहेत.

एक छोटे काम तर कोणालाही करता येईल. रुंदीकरणाच्या आधीच्या गल्ल्यांचे नकाशे सरकारी दप्तरात असतील. पण कोणत्या घरात कोण राहायचे, लोहाराची भट्टी कुठे होती, कोणाच्या ओसरीवर संध्याकाळी बैठक बसायची, हे दप्तरात नाही. ज्यांच्याकडे २००६च्या आधीचे फोटो आहेत, लग्नातले का असेनात, त्यांनी फोटोच्या मागे गल्लीचे आणि घरमालकाचे नाव लिहून ठेवावे. लग्नाच्या फोटोत नवरदेवाच्या मागे बहुतेक वेळा घराचा दरवाजा दिसतो.