दुसरा प्लग कुणी पाहिला?

आज बोटाएवढ्या एका वस्तूविषयी बोलायचं आहे. स्पार्क प्लग!

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्याकडे जुनी होंडा सिटी होती, २००३ साली भारतात आलेल्या आय-डीएसआय इंजिनाची. नांदेडहून लातूरला निघालो होतो. अहमदपूरच्या अलीकडे ट्रकला ओव्हरटेक करू लागलो, तर गाडीत दमच नाही. महिनाभरापासून अ‍ॅव्हरेजही पंधरावरून बारावर आलं होतं. गंमत म्हणजे गाडी कुठे अडखळत नव्हती, बंद पडत नव्हती. प्लग तर नुकतेच बदललेले!

लातूरला एका वयस्कर मिस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी बॉनेट उघडलं, प्लग काढले आणि हसले. म्हणाले, "भाऊ, पुढचे चार नवे हायेत, अन् मागचे चार गाडीसंगं आलेले!" आधीच्या गॅरेजच्या बिलात मात्र आठ प्लग लावलेले होते.

चार सिलिंडरला आठ प्लग कशासाठी? पेट्रोल आणि हवेचं मिश्रण ठिणगीने एकदम भडकत नाही. जाळ एका टोकाकडून पसरत जातो. उसाच्या फडातलं पाचट एका बांधाकडून पेटलं तर वेळ लागतो, दोन्ही बांधांकडून पेटलं तर लवकर आटोपतं. (पाचट पेटवू नये, हे आहेच!) इंजिन मिनिटाला चार हजार फेरे घेत असतं, तेव्हा पिस्टनला वरून खाली जायला सेकंदाचा शंभरावा भागसुद्धा मिळत नाही. तेवढ्यात सगळं जळायला हवं. सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असले, की मधोमध प्लगला जागा मिळते आणि एकाने भागतं. व्हॉल्व्ह दोनच असले, की प्लग सहसा कडेला जातो. मग समोरच्या कडेला दुसरा लावायचा, ही युक्ती.

युक्ती जुनी आहे. इटलीच्या अल्फा कंपनीने १९१४ मध्येच शर्यतीच्या मोटारीत ती वापरली होती. आपल्याकडे ती घरोघरी पोचवली बजाजच्या पल्सरने. २००३ मध्ये 'डीटीएस-आय' ही अक्षरं टाकीखाली झळकली, त्यांचा अर्थच दोन ठिणग्या. या तंत्राच्या पेटंटवरून बजाज आणि टीव्हीएस यांचा वाद २००९ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २०१९ मध्ये समेटाने मिटला. २०१२ च्या पल्सर २०० एनएसला तर तीन प्लग होते.

पण या सोयीत एक मेख आहे. एकच प्लग असेल आणि तो गेला, तर तुम्ही रस्त्यातच थांबता. दोन असले, तर एक गेल्यावर दुसरा मुकाट्याने ओझं ओढत राहतो. गाडी चालते, म्हणून आपण बेफिकीर. पेट्रोल मात्र रोज थोडं थोडं वाया जातं.

लहान विमानांच्या पिस्टन इंजिनातही प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात. तिथे उड्डाणाआधी वैमानिक एकेक ठिणगी-व्यवस्था आळीपाळीने बंद करून पाहतो. इंजिन थोडं मंदावलं पाहिजे, पण फार नाही. दोन्ही बाजू जिवंत आहेत, याची खात्री झाल्यावरच विमान उडतं. आपण मात्र किक मारतो आणि निघतो.

तेव्हा श्रोतेहो, आपल्या गाडीला एकूण किती प्लग आहेत, हे माहितीपुस्तकात पाहून ठेवा. सर्व्हिसिंगला उभे राहा आणि काढलेले जुने प्लग मागून घ्या, मोजून घ्या. मागची ओळ हाताला सहज लागत नाही, म्हणूनच ती राहून जाते. मिस्त्रींवर अविश्वास दाखवायचा नाही. फक्त एवढंच विचारायचं, "दादा, दुसरा प्लग पाहिला का?"